थोडी जमीन दिली की लढाई मिटते का?

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं की युक्रेनमध्ये युद्धबंदी लवकरात लवकर व्हावी, पण त्यासाठी युक्रेनने न हरलेली जमीन सोडून द्यावी हे मला पटत नाही. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आणि ईमेल आल्यात की यावेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलंय. काही पत्रं चांगलीच रागाची आहेत, तीही घेतलीयत. प्रश्न लांब होते म्हणून थोडक्यात देतेय.

नाशिकहून एक निवृत्त शिक्षक: ताई, रोज तरुण पोरं मरतायत. माणसापेक्षा जमीन मोठी आहे का? आमच्या गावी भाऊबंदकीत बांधावरून डोकी फुटायची, शेवटी एकजण म्हणायचा की घे बाबा दोन हात, आणि वाद मिटायचा. तसं इथे का होऊ नये?

सर, माणूस मोठा, यात दुसरं मत असूच शकत नाही. पण "थोडी जमीन" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नकाशावरचा रंगवलेला तुकडा येतो आणि तिथेच घोळ होतो. नेमकं काय मागितलं जातंय ते बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये अलास्कात ट्रम्प आणि पुतिन भेटले तेव्हापासून, आणि नंतर नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने पुढे केलेल्या २८ कलमी शांतता मसुद्यातही, एक मागणी सारखी पुढे येत राहिली, ती म्हणजे पूर्व युक्रेनमधल्या डोनेत्स्क प्रांताचा जो भाग रशियाला लढून घेता आला नाही तिथून युक्रेनच्या सैन्याने आपणहून निघून जावं. या भागात स्लोव्हियान्स्क, क्रामातोर्स्क, द्रुझकिव्का अशी शहरं एकापाठोपाठ एक रांगेत आहेत. २०१४ च्या जुलैमध्ये रशियाच्या बाजूच्या बंडखोरांकडून स्लोव्हियान्स्क परत घेतल्यापासून युक्रेन तिथे खंदक, बंकर, रणगाडे अडवायचे चर असं सगळं बांधत आलाय, दहा वर्षांपेक्षा जास्त काळ. आणि या पट्ट्याच्या पश्चिमेला काय आहे तर बरीचशी सपाट शेतं. म्हणजे हा पट्टा दिला की पुढचा हल्ला जिथे अडवता आला असता ती जागाच गेली, आणि नवीन ठिकाणी तसं बांधायला परत वर्षं लागणार, ती वर्षं समोरचा देईल का?

१९३८ ला चेकोस्लोव्हाकियाचं हेच झालं होतं. त्यांची सगळी मजबूत तटबंदी जर्मनीच्या सीमेलगतच्या सुडेटन या डोंगराळ पट्ट्यात होती, आणि म्युनिकला ३० सप्टेंबरला ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जर्मनीने बसून तो पट्टा हिटलरला देऊन टाकला, चेक लोकांना त्या टेबलावर जागासुद्धा नव्हती. १५ मार्च १९३९ ला जर्मन सैन्य प्रागमध्ये होतं, म्हणजे साडेपाच महिने टिकली ती शांतता.

बांधाचं म्हणाल तर सर, गावात बांध सोडला तरी मागे तलाठी असतो, मोजणी असते, कोर्ट असतं, चार माणसं साक्षीला असतात, त्यामुळे भाऊ पुढच्या वर्षी परत दोन हात सरकला तर दाद मागता येते. देशांच्या बाबतीत ती दाद मागायची जागाच कच्ची आहे. युक्रेनने १९९४ मध्ये बुडापेस्टला अण्वस्त्रं सोडायच्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनकडून सीमांचा मान राखायचं वचन लिहून घेतलं होतं, त्यानंतर वीस वर्षांत क्रायमिया गेला. १२ फेब्रुवारी २०१५ ला पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवायला मिन्स्कचा दुसरा करार झाला, १५ तारखेपासून गोळीबार थांबायचा होता, आणि १८ तारखेपर्यंत देबाल्त्सेव्हे हे रेल्वे जंक्शनचं शहर रशियाच्या बाजूच्या सैन्याने घेऊनही टाकलं. सहीची शाई वाळायच्या आत. ज्या माणसांनी हे आयुष्यात दोनदा बघितलंय त्यांना तिसऱ्या कागदावर विश्वास ठेवा म्हणताना आपण जरा थांबून विचार करायला हवा.

आणि तिथे माणसं राहतात हो. खेरसन शहर मार्च ते नोव्हेंबर २०२२ रशियाच्या ताब्यात होतं, मध्येच ३० सप्टेंबरला पुतिननी ते कायमचं रशियाचं झालं असं जाहीरही केलं, आणि ११ नोव्हेंबरला युक्रेनचं सैन्य परत शहरात शिरलं तेव्हा लोक चौकात निळे-पिवळे झेंडे घेऊन रडत होते, आठ महिने घरात लपवून ठेवलेले झेंडे. नंतर तिथे लोकांना डांबून छळलं जायचं त्या जागा सापडल्या. जी जमीन "द्या" म्हणतो तिच्यासोबत ही माणसंही जातात. मुलं उचलून रशियात नेल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्या नावाने अटक वॉरंट काढलंय. माणूस मोठा म्हणायचं तर त्या माणसांनाही मोजायला हवं ना सर.

कोल्हापूरहून: बोलणी करायला बसणं म्हणजेच हार मानणं नाही का? तुम्ही बोलणीच्या बाजूच्या का विरोधातल्या, ते कळलं नाही.

बोलणीच्या बाजूची, शंभर टक्के. बोलणी आणि लढाई एकाच वेळी चालू असते, जगात सगळीकडे हेच झालंय. जुलै २०२२ मध्ये भर युद्धात तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांना मध्ये घेऊन काळ्या समुद्रातून धान्याची जहाजं सोडायचा करार झालाच की. मे २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी हजार-हजार कैदी सोडले, नंतर हजारो मृतदेह परत केले गेले. ज्या आईला तीन वर्षांनी मुलाची माती तरी करता आली तिच्यासाठी ती बोलणी फुकट गेली नाहीत. बसायला हरकत नसतेच, तिथे बसून सही कशावर करतो हा प्रश्न असतो.

ठाण्याहून एक वाचक: एप्रिल २०२२ मध्येच इस्तंबूलला सगळं ठरलं होतं, ब्रिटनच्या बोरिस जॉन्सननी कीवला जाऊन ते मोडलं, नाहीतर युद्ध दोन महिन्यांत संपलं असतं. हे तुम्ही का लिहीत नाही?

हा मेसेज मलाही किमान पाच ग्रुपवर आलाय. जॉन्सन ९ एप्रिलला कीवला गेले होते हे खरं, आणि त्यांचा सूर पुतिनवर विश्वास ठेवू नका असा होता हेही खरं. पण "सगळं ठरलं होतं" हे खरं नाही. त्या बोलण्यांचे मसुदे नंतर बाहेर आलेत, त्यात दोन्ही बाजूंनी आपापले आकडे लिहून ठेवलेत. युक्रेनने नाटोत जायचं नाही, तटस्थ राहायचं, क्रायमियाचा प्रश्न पुढची दहा-पंधरा वर्षं बोलत राहायचं, इथपर्यंत युक्रेन आला होता, ही छोटी गोष्ट नाही. पण युक्रेनचं सैन्य किती असावं यावर रशियाचा आकडा होता ८५ हजार आणि युक्रेनचा अडीच लाख. त्याहून मोठी अडचण म्हणजे पुढे परत हल्ला झाला तर हमी देणारे देश मदतीला येणार, पण रशियाचं म्हणणं असं की सगळ्या हमीदारांची संमती असेल तरच, आणि हमीदारांच्या यादीत रशिया स्वतः. म्हणजे हल्ला करणाऱ्याने परवानगी दिली तरच मदत येणार. यावर कुठलं सरकार सही करेल? त्यात कीवजवळच्या बुचामधून रशियन सैन्य माघारी गेलं आणि रस्त्यावर पडलेले गावकऱ्यांचे मृतदेह जगाने बघितले, तेही याच दिवसांत. जॉन्सन येऊन गेल्यावरही मसुद्यांची देवाणघेवाण थांबली नव्हती. सगळं खापर एका पाहुण्यावर फोडलं की गोष्ट सोपी होते, पण मग युक्रेनच्या लोकांना स्वतःचं डोकंच नाही असं आपण धरून चालतो, आणि ते मला आवडत नाही.

पुण्याहून एक इंजिनिअर वाचक: शिवाजी महाराजांनी पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले, पुढे सगळे परत घेतले. महाराजांना जे शहाणपण होतं ते झेलेन्स्कींना का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत होता, आणि प्रश्न चांगला आहे, कारण यात आपल्याकडची माहिती वापरून विचार करता येतो. तर तह झाला जून १६६५ मध्ये. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान प्रचंड फौज घेऊन आले होते, वज्रगड पडला होता, पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे पडले, आजूबाजूचा मुलूख जाळला जात होता. महाराजांनी स्वतः जयसिंगाच्या छावणीत जाऊन बोलणी केली आणि २३ किल्ले व चार लाख होनांचा मुलूख दिला. हे आपण शाळेत पाठ केलंय. पण उरलं काय ते कोणी पाठ करून घेत नाही. बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख उरला, आणि त्यात राजगड होता, तोरणा होता, रायगड होता. म्हणजे राजधानी हातात राहिली, कसलेली माणसं हातात राहिली, आणि पुढे काय करायचं ते ठरवायची मोकळीक, ती मात्र आग्र्याला जाऊन जवळजवळ गेलीच होती आणि १६६६ च्या ऑगस्टमध्ये महाराजांनी तिथून निसटून ती परत मिळवली. मग तीन-साडेतीन वर्षं शांतपणे घडी बसवली आणि १६७० उजाडल्यावर सुटले. फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी जीव देऊन कोंढाणा घेतला, मार्चमध्ये पुरंदर, मग लोहगड, माहुली, एकामागून एक.

आता विचार करा, त्या तहात जयसिंगाने राजगडही मागितला असता आणि वर फौज अमुकच ठेवा म्हटलं असतं, तर महाराजांनी सही केली असती का? मला नाही वाटत. तहाचं मोल किती किल्ले गेले यावर ठरत नाही, काय राखलं त्यावर ठरतं, आणि पुरंदरच्या तहात नेमकं तेच राखलं गेलं ज्याच्या जोरावर उरलेलं परत येणार होतं. डोनेत्स्कचा पट्टा, सैन्यावर मर्यादा आणि कोणाशी मैत्री करायची यावर बंधन, ही त्या २८ कलमी मसुद्यातली तिन्ही कलमं एकत्र वाचलीत तर ती पुरंदरच्या तहासारखी दिसत नाहीत, राजगड मागितल्यासारखी दिसतात.

अजून एक फरक आहे. १६६५ मध्ये किल्ल्यावरचं निशाण बदललं तरी खालच्या गावातला पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बहुतेक ठिकाणी तेच राहायचे, सारा कोणाच्या खजिन्यात जमा होतो ते बदलायचं. आज ताब्यातल्या भागात रशियन पासपोर्ट घेतला नाही तर पेन्शन, दवाखाना, घराचे कागद सगळं अडतं, शाळेत मुलांना शिकवायचा इतिहाससुद्धा बदलतो. पाच वर्षांनी परत घेऊ म्हणून सोडलेल्या गावात पाच वर्षांनी तीच माणसं सापडतील याची खात्री आता देता येत नाही. म्हणून महाराजांचं उदाहरण द्याच, पण सगळं द्या.

सातारा जिल्ह्यातून, मूळ कोयना धरणग्रस्त कुटुंबातल्या एक वाचक: फिनलंडने रशियाला जमीन देऊन टाकली आणि आज तो जगातला सुखी देश आहे असं सगळे सांगतात. पण त्या जमिनीवरच्या लोकांचं पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. आमच्या घरात गाव सोडून आलेली माणसं आहेत म्हणून विचारते.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही विचारलंय ते खरंच कोणी विचारत नाही, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

१९३९ च्या शरद ऋतूत स्टालिनने फिनलंडकडे मागणी केली की कॅरेलियन संयोगभूमीवरची सीमा लेनिनग्राडपासून (आताचं सेंट पीटर्सबर्ग) मागे सरकवा, फिनलंडच्या आखातातली काही बेटं द्या, हांको बंदर भाड्याने द्या, आणि बदल्यात उत्तरेकडची दुप्पट, पण जंगलाची, जमीन घ्या. फिनलंडमध्ये यावर जोरदार मतभेद झाले. सेनापती मानरहाइम स्वतः म्हणत होते की सैन्याची तयारी नाही, काहीतरी देऊन मिटवा, बोलणी करायला मॉस्कोला गेलेले पासिकिवीही नरमाईच्या बाजूचे होते, आणि परराष्ट्रमंत्री एर्को अजिबात वाकायला तयार नव्हते. म्हणजे द्यावं म्हणणारे भित्रे आणि नको म्हणणारे शूर अशी सरळ वाटणी तिथेही नव्हती, सगळ्यात अनुभवी सैनिकच द्या म्हणत होता. शेवटी बोलणी फिसकटली आणि ३० नोव्हेंबरला हल्ला झाला.

दुसऱ्याच दिवशी सोव्हिएतने सीमेवरच्या तेरिओकी गावात ऑटो कूसिनेन या फिनिश कम्युनिस्टाचं एक बनावट सरकार बसवलं आणि हेच फिनलंडचं खरं सरकार म्हणून जाहीर केलं. यावरून हेतू काय होता ते कळतं. पण सदतीस लाखांच्या त्या देशाने कडाक्याच्या थंडीत असा काही लढा दिला की जानेवारीच्या शेवटी मॉस्कोने कूसिनेनला बाजूला ठेवून हेलसिंकीच्या खऱ्या सरकारशी स्टॉकहोममार्गे बोलायला सुरुवात केली. पूर्ण देश गिळायचा बेत तुकडा तोडण्यावर आला, तो लढल्यामुळे. याच वेळी शेजारच्या एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनियाने न लढता सोव्हिएत लष्कराला तळ दिले होते, आणि १९४० च्या उन्हाळ्यात ते तिन्ही देश नकाशावरून पुसले गेले. फिनलंडचं उदाहरण देताना ही निम्मी गोष्ट गाळतात याचा मला फार राग येतो.

१२ मार्च १९४० ला मॉस्कोत तह झाला. देशाचा सुमारे दहावा हिस्सा गेला, व्हिपुरी हे मोठं शहर गेलं, आणि ऐका, तह झाला तेव्हा व्हिपुरी अजून पूर्ण पडलंही नव्हतं. राष्ट्राध्यक्ष कॅलिओ सहीचे अधिकार देताना म्हणाले होते की असल्या कागदावर सही करणारा हात झडून जावो, आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांना पक्षाघात होऊन त्यांचा उजवा हात खरोखर लुळा पडला. १३ तारखेला हेलसिंकीत झेंडे अर्ध्यावर उतरवले होते.

आणि लोक. चार लाखांहून जास्त माणसं, देशातल्या दर नऊमागे एक, काही दिवसांत घरदार सोडून निघाली, बर्फातून, घसरगाड्यांवर, मालगाड्यांच्या डब्यांतून, गुरं हाकत. सोव्हिएत राज्यात राहायला जवळजवळ कोणीच मागे थांबलं नाही. त्या पिढीने सांगून ठेवलेल्या आठवणींत एक गोष्ट येते की निघण्याआधी कित्येक बायकांनी घर झाडून, पुसून घेतलं, परत कधी येऊ माहीत नसताना. हे वाचून तुमच्या घरातल्या मोठ्या बायांना काय वाटेल ते मला कळू शकतं, मी जास्त लिहीत नाही.

पुढे दीड वर्षात परत युद्ध झालं, यावेळी फिनलंड जर्मनीच्या बाजूने उतरला, कॅरेलिया परत घेतला, अडीच लाखांहून जास्त लोक आपापल्या गावी परतले, जळकी घरं उभी केली, शेतं पेरली आणि १९४४ मध्ये त्यांना दुसऱ्यांदा सगळं सोडून निघावं लागलं. एकाच आयुष्यात दोनदा. म्हणजे १९४० ला जमीन देऊन मिळालेली शांतता पंधरा महिने टिकली होती. १९४४ च्या तहात कॅरेलियासोबत उत्तरेचं पेत्सामोही गेलं, हेलसिंकीजवळचं पोर्क्काला सोव्हिएत तळासाठी द्यावं लागलं (ते १९५६ मध्ये परत मिळालं), आणि ३० कोटी डॉलरची नुकसानभरपाई, जी जहाजं आणि यंत्रं बनवून १९५२ पर्यंत फेडली. पण देश ताब्यात गेला नाही, संसद चालू राहिली, निवडणुका होत राहिल्या.

विस्थापितांसाठी त्यांनी जे केलं ते मात्र आपण शिकण्यासारखं आहे, आणि कोयनेच्या लोकांना आपल्याकडे किती वर्षं फाईली घेऊन फिरावं लागलं ते तुम्हाला मी काय सांगणार. १९४० ला तातडीने एक कायदा झाला आणि १९४५ ला मोठा कायदा, त्यात सरकारी जमीन, चर्चची जमीन, मोठ्या जमीनदारांची जमीन घेऊन निर्वासितांना शेती आणि घरासाठी दिली, नकार द्यायची सोय फारशी ठेवली नव्हती. जमेल तिथे एका गावाचे लोक एकाच भागात बसवले. सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही, ऑर्थोडॉक्स पंथाच्या कॅरेलियन लोकांना नवीन गावात रशियन म्हणून हिणवलं जायचं, जमीन गेलेले स्थानिक शेतकरी कुरकुरत होते. पण छावण्यांमध्ये पिढ्या सडल्या नाहीत. जमीन गमावली ती सगळ्या देशाने मिळून गमावली, फक्त सीमेवरच्या लोकांनी नाही. फिनलंड सावरला त्यामागे हे मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे. आणि जे कोणी युक्रेनला जमीन द्या म्हणतात त्यांनी तिथून निघणाऱ्या लाखो लोकांना कुठे आणि कोणाच्या पैशाने वसवायचं हे त्याच श्वासात सांगावं.

छत्रपती संभाजीनगरहून लॉची विद्यार्थिनी: आपल्या देशात असा प्रसंग आला तर पंतप्रधान सही करून जमीन देऊ शकतात का?

नुसत्या सहीने नाही. १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान नून यांच्यात करार झाला, त्यात बंगालमधल्या बेरुबारीचा अर्धा भाग पूर्व पाकिस्तानला द्यायचं ठरलं. प्रकरण सुप्रीम कोर्टाकडे सल्ल्यासाठी गेलं आणि १९६० मध्ये कोर्टाने सांगितलं की भारताचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल. म्हणून नववी घटनादुरुस्ती झाली. २०१५ मध्ये बांगलादेशाशी छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या आत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या जमिनीच्या तुकड्यांची, अदलाबदल झाली तेव्हाही शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली, त्यात भारताचे १११ तुकडे तिकडे गेले आणि ५१ इकडे आले, म्हणजे क्षेत्रफळात आपण जास्त दिलं, आणि तरी संसदेत विरोधाचं एकही मत पडलं नाही. कारण तिथल्या रहिवाशांना कुठलं नागरिकत्व हवं ते निवडायला दिलं होतं आणि कोणी बंदूक रोखलेली नव्हती. मात्र आधीपासून वादात असलेली सीमारेषा फक्त ठरवून घ्यायची असेल तर दुरुस्ती लागत नाही, कच्छच्या रणाच्या निवाड्यानंतर १९६९ ला कोर्टाने तेही स्पष्ट केलं, परीक्षेत हा फरक नक्की लिही.

युक्रेनच्या घटनेचं कलम ७३ आपल्यापेक्षा कडक आहे, देशाच्या भूभागात बदल करायचा तर संपूर्ण देशात जनमत घ्यावंच लागतं. त्यामुळे झेलेन्स्कींनी उद्या मनात आणलं तरी ते एकटे काही देऊ शकत नाहीत, आणि गोळीबार चालू असताना, लाखो मतदार घराबाहेर किंवा देशाबाहेर असताना जनमत घ्यायचं कसं, हे कोणीच नीट सांगत नाही.

एक माजी सैनिक, सांगली जिल्हा: १९६५ ला आम्ही हाजीपीर घेतलं आणि ताश्कंदला देऊन टाकलं. जवानांचं रक्त वाया गेलं. तुम्ही शांततावाले लोक हे विसरता.

साहेब, विसरलेली नाही. २८ ऑगस्ट १९६५ ला पहिल्या पॅरा बटालियनने मेजर रणजितसिंह दयाल यांच्या नेतृत्वाखाली काश्मीरमधली ती खिंड घेतली, आणि १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारात दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टच्या रेषेवर परत जायचं ठरलं, त्यात ती गेली. पुढे घुसखोरीसाठी त्या वाटेचा वापर झाला, हे आजही कित्येक लष्करी अधिकारी बोलून दाखवतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण दुसरी बाजूही ठेवते. जम्मूकडच्या छांब भागातली आपली जमीन तेव्हा पाकिस्तानच्या ताब्यात होती, ती त्याच कलमाने परत मिळाली, आणि हाजीपीर ठेवून छांब मागता येत नव्हतं. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण त्या बोलण्यांच्या वेळी ताश्कंदला होते, आणि शास्त्रीजींना देशाचा राग दिसत असतानाही त्यांनी सही केली, त्याच रात्री ते गेले. मला तो निर्णय चुकीचा वाटत असला तरी हलका वाटत नाही. रक्त वाया गेलं असं मात्र मी म्हणणार नाही साहेब, ती खिंड हातात नसती तर ताश्कंदला छांबच्या बदल्यात ठेवायला काय होतं?

लातूरहून, आधी खार्किवला एमबीबीएस करणारा विद्यार्थी: मार्च २०२२ मध्ये ऑपरेशन गंगातून परत आलो. आमच्या ॲनाटॉमीच्या टीचर अजून तिथेच आहेत. आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर रोज भांडण होतं, निम्मे म्हणतात युक्रेनने द्यावं आणि संपवावं, निम्मे म्हणतात शेवटपर्यंत लढावं. टीचरना काय लिहू कळत नाही.

तू ज्या शहरात राहिलास ते रशियाच्या सीमेपासून तीस-चाळीस किलोमीटरवर आहे, त्यामुळे "सीमा थोडी सरकली तर काय" हे खार्किवमध्ये बसून वेगळं ऐकू येतं आणि लातूरमध्ये वेगळं, हे तुला कोणी सांगायला नको.

तिथले लोक काय म्हणतात ते बघायचं असेल तर कीवची एक सर्व्हे संस्था, कीव इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशिऑलॉजी, हा प्रश्न सतत विचारत आलीय. मे २०२२ मध्ये ८२ टक्के लोक म्हणाले कुठलीच जमीन द्यायची नाही, डिसेंबर २०२४ पर्यंत हा आकडा ५१ वर आला आणि शांततेसाठी काही सोडायला तयार असलेले १० वरून ३८ टक्क्यांवर गेले. म्हणजे लोक थकलेत, बदलतायत, तुमच्या ग्रुपसारखेच आपसात वाद घालतायत. पण पुढे संस्थेने प्रश्न फोडून विचारला तेव्हा खरं चित्र दिसलं. जे आत्ता रशियाच्या ताब्यात आहे ते मान्यता न देता तूर्त तसंच राहू दे, याला बरेच लोक तयार होतात, ते अधिकृतपणे रशियाचं म्हणून लिहून द्यायला फार थोडे, आणि जे अजून आपल्या हातात आहे ते सोडून द्यायला सगळ्यात कमी. मलाही साधारण हीच ओळ पटते, गोळीबार आहे त्या रेषेवर थांबावा, सही मात्र कशावर करायची नाही ते त्यांनी ठरवावं.

टीचरना यातलं काही लिहू नकोस. घरात लाईट आहे का, हीटर चालतो का, क्लास ऑनलाईन घेतात की मेट्रो स्टेशनमध्ये, औषधं मिळतायत का ते विचार, आणि तुमच्या बॅचमधलं कोण कुठे प्रॅक्टिस करतंय ते सगळं सविस्तर लिही, त्यांना तेच वाचायचं असेल. त्या स्वतःहून युद्धाबद्दल काही लिहितील तेव्हा ऐकून घे. आणि त्यांची हरकत नसेल तर नाव न घालता मला कळव, पुढच्या अंकात छापते.